लेथ शिकताना कुणाचं ऐकायचं?

नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर यांपैकी कुठल्याही बाजारगावाला लेथ नवं नाही. मोटरीचा झिजलेला शाफ्ट, ट्रॉलीचा हब, रोटाव्हेटरचा बुश, द्राक्षबागेतल्या ब्लोअरची पुली, असं काहीही अडलं की ते उचलून रस्त्याकडेच्या वर्कशॉपात न्यायचं आणि दुरुस्त करून आणायचं, ही इथली रीत आहे. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावला भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत, आणि साखर कारखान्यात हंगाम संपला की उसाच्या गिरणीचे रोलर मोठ्या लेथवर चढवून त्यांच्या खाचा पुन्हा कोरून घ्याव्या लागतात. म्हणजे इथल्या शेतीच्या पाठीशी लेथ कायम उभं आहे. नवं आहे ते घरातलं, हौसेचं लेथ. चाळीसेक किलो वजनाचं, टेबलावर बसणारं, घरच्या सिंगल फेजवर चालणारं छोटं मशीन आता पार्सलने घरपोच येतं. घेणारा चाकणच्या कारखान्यात नोकरी करणारा तरुण असेल, निवृत्त शिक्षक असेल किंवा स्वतःची अवजारं स्वतः सुधारू पाहणारा शेतकरी असेल. मशीन येतं, पण शिकवणारा त्याच्याबरोबर येत नाही. मग फोनवरचे व्हिडिओ, ओळखीतला मिस्त्री, मशीन विकणारा दुकानदार आणि जुनं एखादं पुस्तक असे चार जण चार गोष्टी सांगू लागतात, आणि त्यातलं खरं कुठलं हे नवशिक्याला कळत नाही. याला माझ्या मते एक चांगलं उत्तर आहे. सांगणारा किती नावाजलेला आहे, किती वर्षं या धंद्यात आहे, यापेक्षा त्याचं सांगणं आपल्याला आपल्याच मशीनवर मोजून पाहता येतं की नाही, हे आधी बघावं.

एक साधा सल्ला घेऊ: ‘लोखंड कापताना लेथ मिनिटाला ८०० फेऱ्यांवर ठेवा.’ हा सल्ला खरा की खोटा? जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, व्यास सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. टूलला फेऱ्या कळत नाहीत. धातू आपल्यासमोरून किती वेगाने सरकतो आहे, तेवढंच त्याला जाणवतं. साध्या माइल्ड स्टीलसाठी एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टीलचं, टूल असेल तर मिनिटाला २५ ते ३० मीटर ही सुरुवातीची रूढ गती आहे. तिच्यावरून फेऱ्या काढायच्या तर मीटरच्या आकड्याला हजाराने गुणायचं आणि मिलिमीटरमधला व्यास गुणिले ३.१४ ने भागायचं. १२ मिलिमीटरच्या सळईला ३० मीटर गतीने उत्तर येतं जवळपास ८००. तोच हिशोब ४० मिलिमीटरच्या गोल बारला केला तर येतं २४०. म्हणजे ८०० फेऱ्यांचा सल्ला बारीक सळईवर अगदी योग्य, आणि जाड बारवर टूलची धार काही क्षणांत निळी पाडणारा. त्यातही सांगणाऱ्याच्या टूलवर कार्बाइडची टिप असेल तर ४० मिलिमीटरवरही ८०० चालून जातील, कारण कार्बाइड मिनिटाला १०० मीटर सहज सोसतं. सांगणारा खोटं बोललेला नसतो. त्याने व्यास, धातू आणि टूल सांगितलेलं नसतं, एवढंच. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची जी फसगत होते, तिच्यातली बरीचशी इथली आहे: आकडा सोबत येतो, अटी मागे राहतात.

पुस्तकातल्या तक्त्यांवर विश्वास का ठेवायचा, हेही इथेच कळतं. छापलं आहे म्हणून ते खरं, असं मानण्याचं कारण नाही. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने १८८० साली मिडव्हेल स्टील कंपनीत धातू कापण्याचे प्रयोग सुरू केले आणि सव्वीस वर्षांनी, १९०६ साली, आपला प्रबंध अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडला. या काळात तीस ते पन्नास हजार प्रयोगांची नोंद झाली आणि आठ लाख पौंड, म्हणजे साडेतीनशे टनांहून जास्त लोखंड-पोलादाची बर (कापलेला चुरा) निघाली. योग्य गती एकूण बारा गोष्टींवर अवलंबून असते, असं टेलरला आढळलं: धातूचा कठीणपणा, टूलचं पोलाद, टूलचा आकार, कटची खोली, फीड, थंडाव्यासाठी सोडलेलं पाणी आणि आणखी काही. त्याच्या कामातून गती आणि टूलचं आयुष्य यांचं जे सूत्र निघालं, ते आजही वापरात आहे. एचएसएस टूलच्या बाबतीत त्याचा अर्थ फार कडक आहे: गती २० टक्क्यांनी वाढवली की धारेचं आयुष्य चौथा हिस्साही उरत नाही, आणि गती दुप्पट केली तर ते अडीचशे पटींनी घटतं. ‘थोडं जास्त पळवलं तर काय बिघडतं?’ असं वाटणाऱ्याने हा हिशोब डोळ्यांपुढे ठेवावा. १९१४ साली पहिल्यांदा निघालेलं ‘मशिनरीज हँडबुक’ किंवा आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या हाती असलेलं हाजरा चौधरींचं वर्कशॉप टेक्नॉलॉजीचं पुस्तक यांतल्या तक्त्यांना वजन अशा कामांमुळे आलेलं आहे. आकड्यामागे प्रयोग आहे, प्रयोगाच्या अटी नोंदलेल्या आहेत आणि कुणीही तो पुन्हा करून बघू शकतो.

वर्कशॉपात मोजमापाने वाद मिटवायची पद्धत त्याहून जुनी आहे. हेन्री मॉड्सली या लंडनच्या कारागिराने सन १८०५च्या सुमारास टेबलावर ठेवायचा एक मायक्रोमीटर बनवला होता. वर्कशॉपात मापावरून मतभेद झाला की निकाल त्याच्यावर व्हायचा, म्हणून त्याचं नाव पडलं ‘लॉर्ड चान्सलर’, म्हणजे इंग्लंडमधला तेव्हाचा सर्वांत वरचा न्यायाधीश. पुढे १९२७ साली बर्लिनच्या गेओर्ग श्लेसिंगर यांनी मशीन घेताना त्याची अचूकता कशी तपासायची याच्या चाचण्या पुस्तकरूपाने मांडल्या. तोवर विकणारा म्हणायचा ‘एकदम अचूक’ आणि घेणारा म्हणायचा ‘नाही’. श्लेसिंगरनी दोघांच्या हाती सारखीच पट्टी दिली. त्यांतली एक चाचणी घरच्या लेथवरही करता येते आणि नवशिक्याने पहिल्या महिन्यात ती करावीच. पंचवीस-तीस मिलिमीटरचा बार चकमध्ये असा धरायचा की तो दीडशे मिलिमीटर बाहेर राहील. टेलस्टॉक लावायचा नाही. मधला भाग थोडा बारीक करून दोन टोकांना दोन पट्टे उभे ठेवायचे. मग धारदार टूलने, क्रॉस स्लाइडला हात न लावता, दोन्ही पट्ट्यांवरून एकच बारीकसा कट न्यायचा आणि मायक्रोमीटरने दोन्ही व्यास मोजायचे. बाहेरचा पट्टा ०.०४ मिलिमीटरने जाड निघाला, तर तेवढ्या लांबीत स्पिंडलची दिशा आणि बेडची दिशा यांत ०.०२ चा फरक आहे, कारण व्यासात चूक दुप्पट दिसते. आता विश्वासार्ह माणूस इथे आणखी एक गोष्ट सांगेल: टूल बोथट असेल किंवा कट जड असेल तर बार टूलपासून वाकतो आणि बाहेरचं टोक उगीचच जाड निघतं. म्हणून तोच कट, टूल न हलवता, दोन-तीनदा फिरवून घ्यायचा आणि मगच मोजायचं. आपली चाचणी कुठे फसवू शकते हे जो स्वतःहून सांगतो, त्याचं बाकीचंही लक्ष देऊन ऐकावं. दुकानदाराचं ‘फॅक्टरीत सेट करून आलंय’ हे वाक्य या एका चाचणीपुढे टिकतं तरी किंवा पडतं तरी. पुष्कळदा मशीन चांगलं असतं. वाकड्या टेबलावर बोल्ट आवळल्याने बेडला पीळ बसलेला असतो, आणि एका पायाखाली पातळ पत्रा सरकवला की दोन पट्ट्यांतला उतार निघून जातो.

मोजून बघण्याच्या या आग्रहावर पहिला आक्षेप वर्कशॉपातून येईल, आणि तो वजनदार आहे. तीस वर्षं लेथवर उभा असलेला मिस्त्री तक्ता बघत नाही. बर कशी निघते, तिचा रंग काय, आवाज कसा येतो, यावरून तो गती ठरवतो, आणि त्याचा जॉब बरोबर बसतो. मग आकड्यांचा हा आग्रह कशाला? मिस्त्रीचं ज्ञान खरं आहे, आणि त्यातलं बरंचसं कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. बेअरिंगची बैठक बनवताना शेवटचा कट किती ठेवायचा, कुठल्या कंपनात टूल बाहेर जास्त निघालंय आणि कुठल्यात स्लाइडची जिब ढिली आहे, हे त्याला ऐकूनच कळतं. पण हे ज्ञान त्याच्या मशीनशी बांधलेलं आहे. त्याचं लेथ सहा फुटी, शेकडो किलोचं, ओतीव बेडचं. एका दमात दोन मिलिमीटरचा कट त्याच्यासाठी रोजचा आहे. तोच कट चाळीस किलोच्या मशीनवर घेतला तर जॉब थरथरेल, टूल रुतेल किंवा हेडस्टॉकमधले प्लॅस्टिकचे गिअर दात सोडतील. ‘पाव सूत काढ’ हे त्याचं वाक्य त्याच्या लेथवर शहाणपणाचं आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याचा पाव म्हणजे पाऊण मिलिमीटरहून थोडं जास्त, आणि छोट्या लेथला पोलादावर तेवढंच पुरेसं जड पडतं. म्हणून मिस्त्रीकडे जाऊन नुसतं ‘किती ठेवू?’ असं विचारू नये. ‘दादा, जास्त झालं हे तुम्हाला कशावरून कळतं?’ असं विचारावं. त्याचं उत्तर आवाजाचं, बरीच्या रंगाचं, जॉबवर उमटणाऱ्या लाटांचं असेल, आणि हे सगळं आपल्या छोट्या मशीनवरही पडताळून बघता येतं.

व्हिडिओंच्या बाजूने एवढं मान्य करायला हवं की हाताची हालचाल पुस्तकाने शिकवता येत नाही. आटे पाडताना हाफ नट कधी सोडायचा आणि टूल त्याच क्षणी मागे कसं घ्यायचं, हे बघूनच कळतं. पण व्हिडिओत हालचालीबरोबर मतंही येतात आणि ती मात्र वेगळी काढून तपासावी लागतात. उदाहरणार्थ, ‘इंची लीड स्क्रूच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचा गिअर हवाच, नाहीतर जमत नाही’ हे ठामपणे सांगितलं जातं. त्याचं कारण खरं आहे: एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ ला पाचने गुणलं की १२७ ही पूर्ण संख्या मिळते. पण ‘जमत नाही’ हा भाग कागद-पेन्सिलने तपासता येतो. १२७ आणि १०० यांच्या जोडीचं गुणोत्तर १.२७. त्याऐवजी ८० आणि ६३ ची जोडी लावली तर येतं १.२६९८. फरक हजारात एक अष्टमांश, म्हणजे १०० मिलिमीटर लांबीत साधारण ०.०१२ मिलिमीटर. नटाच्या उंचीएवढ्या लांबीत ही चूक मोजायलाही सापडणार नाही. लांब लीड स्क्रू बनवायचा असेल तर १२७ शोधावा. पंपाचा बोल्ट बनवायला ६३ पुरतो. इथे कुणाच्या अनुभवाची साक्ष काढायची गरजच पडली नाही.

यावर दुसरा आक्षेप असा की मोजायचं म्हटलं तरी कशाने? चारपाचशे रुपयांच्या डिजिटल व्हर्नियरवर कोण भरवसा ठेवणार? हा आक्षेप रास्त आहे, पण त्याचं उत्तर नारायणगावच्या कुठल्याही मोटार रिवाइंडिंगवाल्याच्या फळीवर आहे. ६२०४ नंबरचं बेअरिंग लहान मोटरींत सर्रास वापरतात. त्याचं भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर. नामांकित कंपनीच्या साध्या दर्जाच्या बेअरिंगमध्येही भोक नेमक्या २० पेक्षा जास्तीत जास्त ०.०१० ने लहान आणि बाहेरचा व्यास ४७ पेक्षा ०.०११ ने लहान असू शकतो; मोठं मुळीच असू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे खात्रीच्या दुकानातून घेतलेलं नवं बेअरिंग हे कुठल्याही व्हर्नियरला तपासायला पुरेसं प्रमाण आहे. व्हर्नियर त्याच्यावर ४७.०६ दाखवत असेल तर चूक व्हर्नियरची किंवा धरणाऱ्या हाताची. मशीन सपाट बसवायला लागणारी पाणसळ तर दुसऱ्या कशाच्याही मदतीशिवाय तपासता येते: एका जागी ठेवून बुडबुडा बघायचा, मग पाणसळ उलट फिरवून त्याच जागी ठेवायची. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच दिशेला, तेवढाच सरकला तर पृष्ठभाग तिरका. बाजू बदलली तर पाणसळच खोटी.

तिसरा आक्षेप हौशी माणसाचा असतो: ‘मला कुठे विमानाचे भाग करायचे आहेत? एवढी अचूकता मला कशाला?’ याचं उत्तर जुन्नर तालुक्यातच, खोडदच्या माळावर उभं आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत, आणि त्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही. तो स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या जाळीचा आहे आणि जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची. ही काटकसर बिनधास्त केलेली नव्हती. ही दुर्बीण ज्या लहरी पकडते, त्यांतली सगळ्यांत लहान लहर वीसेक सेंटिमीटरची आहे, आणि पृष्ठभागातली चूक लहरीच्या लांबीच्या विसाव्या भागाच्या आसपास राहिली तरी आरसा म्हणून तो चालतो. एक सेंटिमीटरभर चूक परवडते हे आधी हिशोबाने ठरलं, मग जाळी आली, त्यामुळे वजन आणि वाऱ्याचा मार कमी झाला आणि एवढ्या मोठ्या अँटेना परवडल्या. किती अचूकता लागेल हे काम ठरवतं, पण ते ठरवायलाही आकडा लागतो. झोपाळ्याच्या कडीला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. बेअरिंगच्या बैठकीला मिलिमीटरचे एक-दोन शतांश भागही महाग पडतात: बैठक सैल झाली तर बेअरिंग शाफ्टवर फिरून तो खातं, फार घट्ट झाली तर बेअरिंग तापतं. आपल्या कामाला काय लागतं हे न विचारता ‘चालतंय’ म्हणणारा स्रोत हौशी माणसाला सगळ्यांत जास्त नडतो.

मराठीत काय मिळतं, हा प्रश्न वेगळा आणि महत्त्वाचा आहे, कारण ज्याला इंग्रजी जड जातं त्याला वरची पुस्तकं असून नसल्यासारखी. आयटीआयच्या ट्रेडसाठी चेन्नईची निमी ही केंद्र सरकारची संस्था पुस्तकं काढते, हिंदीत आणि काही प्रादेशिक भाषांतही. टर्नरचा ट्रेड दोन वर्षांचा आहे आणि त्याची प्रात्यक्षिकांची पुस्तकं पायरीपायरीने, मापं देऊन लिहिलेली असतात. हौशी माणसाने इतर काही घेण्याआधी ती घ्यावीत असं मला ठामपणे वाटतं. पुण्याचं ‘धातुकाम’ हे मासिक कारखानदारांसाठी असलं तरी ते मराठीत आकड्यांनिशी लिहितं, हे मोठं काम आहे. आणि आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. हाताने काम करता करता शिकायचं हे तिथलं सूत्र. शाळेतल्या मुलांना वेल्डिंग, पत्राकाम, मोजमाप शिकवणारा त्यांचा अभ्यासक्रम कितीतरी शाळांत पोचला.

एका बाबतीत मात्र हा सगळा युक्तिवाद उलटा करावा लागतो. सुरक्षेचे नियम तपासून बघायचे नसतात. चकची किल्ली चकमध्ये तशीच ठेवून मशीन चालू केलं तर काय होतं, हातमोजे घालून फिरत्या जॉबजवळ हात नेला तर काय होतं, हे करून पाहणाऱ्याला ती चाचणी दुसऱ्यांदा करता येत नाही. लेथवर हातमोजे नकोत, कारण फिरता जॉब किंवा बर मोज्याचा सुटा धागा पकडते आणि मोजा हाताला ओढतो. गमछा, उपरणं, सैल बाही, ओढणी, पदर यांचंही तेच. लांब सुतळीसारखी बर हाताने ओढायची नाही, मशीन थांबवून आकड्याने काढायची. एमरी पेपर जॉबभोवती बोटाने गुंडाळून धरायचा नाही. इथे कुणी म्हणेल की ‘मी वीस वर्षं मोजे घालून काम करतोय, काही झालं नाही’, तर तो पुरावा होत नाही. ज्यांचं झालं ते हे सांगायला लेथवर उरलेले नाहीत. जिथे तपासणं शक्य नाही तिथे विश्वास कुणावर ठेवायचा? जो चुकीला जबाबदार धरला जातो त्याच्यावर. जुन्नरच्या लेण्यांतल्या सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या एका शिलालेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवल्याची नोंद आहे. ठेव ठेवणाऱ्याला कासाराच्या भट्टीतलं काही कळत असेल-नसेल; वचन पाळायला एक संस्था बांधलेली होती, एकटा माणूस नव्हे. सुरक्षेच्या बाबतीत आयटीआयचा निदेशक, कारखान्याचा नियम, मशीनबरोबर आलेली सूचना यांचं ऐकावं आणि त्यांत मतभेद दिसला तर जो जास्त सावध आहे त्याचं ऐकावं. शक्य असेल त्याने घरचं लेथ चालू करण्याआधी काही दिवस कुणा जाणत्या टर्नरच्या नजरेखाली उभं राहावं.

उरतं ते इथल्या वर्कशॉपांतलं न लिहिलेलं ज्ञान. मंचर ते आळेफाट्यापर्यंतच्या मिस्त्रींना पंपाचे शाफ्ट, ट्रॉलीचे हब आणि झिजलेले बुश यांबद्दल जे माहीत आहे ते कुठल्याही परदेशी पुस्तकात नाही, कारण ती झीज इथल्या मातीची आणि इथल्या पाण्याची आहे. हौशी माणसाकडे वेळ असतो, वही असते, आणि गिऱ्हाईक खोळंबलेलं नसतं. त्याने मिस्त्रीकडून ऐकलेलं आपल्या लेथवर करून बघावं आणि अटींसकट लिहावं: धातू ईएन-८, व्यास ३८ मिलिमीटर, एचएसएस टूल, २०० फेऱ्या, फीड ०.१, कट अर्धा मिलिमीटर, टेलस्टॉक लावलेला, शेवटी १५० मिलिमीटर लांबीत ०.०३ उतार. एवढी एक ओळ घोडेगावात दुसऱ्या कुणाच्या हाती पडली, तर तो ती आपल्या मशीनवर चालवून बघू शकतो आणि उतार वेगळा आला तर तिच्याखाली स्वतःचा आकडा लिहू शकतो.